रिव्हर्स उशिरा पडायला लागला तेव्हा

जानेवारीतल्या गारठ्यात हे पहिल्यांदा लक्षात आलं. पहाटे गाडी चालू केली, लिव्हर ‘आर’वर आणला, ब्रेकवरचा पाय काढला, तरी गाडी जागची हलेना. मनात एक-दोन म्हणेपर्यंत काहीच नाही. मग खालून ‘धप्’ असा आवाज आला आणि गाडी झटक्यानं मागं सरकली. पहिल्या दिवशी वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी बायको फाटकापाशी उभी होती, ती म्हणाली, “अहो, रोजच असा आवाज येतोय. दाखवून घ्या कुठंतरी.”

गाडी टोयोटा फॉर्च्युनर, २०१५ ची. तीन लिटरचं डिझेल इंजिन, फोर-बाय-फोर, पाच गिअरचा ऑटोमॅटिक. दिल्लीहून घेतलेली. तिकडं डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा घातली होती, त्यामुळं वय भरत आलेल्या पण अंगानं धडधाकट गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडं यायच्या. माझीही तशीच आली. मीटरवर १,४१,००० किलोमीटर होते. सोबत बिलांची जाडजूड फाइल होती आणि ती फाइल बघूनच मी व्यवहार केला. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, टायर, एसीचा गॅस, सगळ्याची बिलं होती. घरी आल्यावर सावकाश एकेक कागद वाचला तेव्हा कळलं, गिअरबॉक्सच्या तेलाचं एकही बिल त्यात नाही.

वैभववाडीजवळ सासऱ्यांची काजूची बाग आहे, ती आता मीच बघतो. कोल्हापूरहून गगनबावड्याला जायचं, घाट उतरायचा आणि मग शेवटचे चार किलोमीटर जांभ्या दगडाचा कच्चा रस्ता. पावसाळ्यात त्या रस्त्यावर दोन चाकांच्या ताकदीवर गाडी चढत नाही, म्हणून फोर-बाय-फोर घेतली. घाटात पाठोपाठ वळणं असतात, तिथं सारखा क्लच दाबून माझा डावा गुडघा जायला लागला होता, म्हणून ऑटोमॅटिक. तेव्हा ही गाडी माझ्या रोजच्या उपयोगाची आहे आणि तिचा गिअरबॉक्स गेला तर माझं काम अडतं.

रिव्हर्सच्या पाठोपाठ दुसरं लक्षण दिसलं. गगनबावड्याच्या वाटेवर सपाटीला साठ-पासष्टच्या वेगानं, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असताना, गाडी दोन-तीन सेकंद थरथरायची. रस्त्यावरच्या रंबलरवरून गेल्यावर जशी बसते तशी थरथर. रस्ता मात्र गुळगुळीत. पाय थोडा जास्त दाबला की थांबायची. आधी मी टायरचं बॅलन्सिंग करून घेतलं, पण फरक शून्य.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. काउंटरवरच्या तरुणानं कॉम्प्युटर लावला, बिघाडाचा एकही कोड आला नाही. “हा गिअरबॉक्स सीलबंद असतो सर, तेल लाइफटाइम आहे. आता चालवा. त्रास वाढला तर असेंब्ली बदलू.” असेंब्लीचा, म्हणजे अख्ख्या गिअरबॉक्सचा आकडा त्यानं कागदावर लिहून दिला, तो लाखांत होता. दुसरीकडं गेलो तर ते म्हणाले, मशिन लावून सगळं तेल एका तासात फ्लश करून देतो. एक म्हणतो हातच लावू नका, दुसरा म्हणतो आत्ताच्या आत्ता सगळं बदला. दोघांपैकी एकानंही गाडीखाली वाकून बघितलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मग मी स्वतः अभ्यासाला लागलो. हा गिअरबॉक्स ऐसिन या जपानी कंपनीनं बनवलेला आहे, त्याचं नाव ए-७५०-एफ. प्राडो, लँड क्रूझर, अमेरिकेतली फोररनर अशा टोयोटाच्या मोठ्या गाड्यांना तो वर्षानुवर्षं होता, त्यामुळं त्याच्याबद्दल वाचायला भरपूर मिळतं. सीलबंद म्हणजे नेमकं काय, तेही तेव्हा कळलं. सील वगैरे काही नसतं. फक्त बॉनेटखाली तेल मोजायची दांडी नसते. तेल घालायला बाजूला एक बोल्ट, सोडायला खाली एक बोल्ट आणि पातळी बघायला चेंबरला, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याला, तिसरा बोल्ट, एवढी व्यवस्था कंपनीनं स्वतःच ठेवलेली आहे. तेल आयुष्यभर बदलायचंच नसतं तर तीन-तीन बोल्ट दिले असते का?

मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सचं तेल दातांना वंगण देतं, त्याचं मुख्य काम तेवढंच. ऑटोमॅटिकमध्ये तसं नाही. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि त्यात इंजिनाची ताकद पलीकडं पोचवतं ते तेलच. आतल्या क्लचच्या चकत्या दाबून धरतं तेही तेल, दाबानं. वंगण त्याचंच आणि आतली उष्णता रेडिएटरकडं वाहून नेणंही त्याच्याकडंच. दोन टनांच्या आसपासची गाडी घाट चढते तेव्हा ते तेल तापतं, आणि दहा वर्षं तापून तापून त्याचे गुण जातात. माझी थरथर त्यातलीच होती. ठरावीक वेगाला कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच लागतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात. तेल शिणलेलं असेल तर तो क्लच नीट पकडत नाही, पकड-सोड, पकड-सोड करतो. तीच पकड-सोड आपल्याला सीटवर जाणवते.

कोल्हापुरात राहून उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या आणि गॅरेजांच्या वस्तीत, गेलो नसतो तर मलाच माझं नवल वाटलं असतं. तिथल्या एका गल्लीत एक वयस्क मिस्त्री आहेत, माझ्या वडिलांच्या जीपचं काम तेच करायचे. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी गाडी पिटवर घ्यायला लावली, बॅटरी घेऊन स्वतः खाली उतरले आणि पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. वर येऊन फडक्याला हात पुसत म्हणाले, “दादा, ह्यो बॉक्स मेलेला न्हाई, उपाशी हाय. कूलरच्या पाइपाचा जॉइंट बघितलासा का? ओला हाय. माती चिकटून लगदा झालाय तिथं.”

मी पण खाली उतरून बघितलं. गिअरबॉक्सचं तेल गार करायला रेडिएटरकडं नेणाऱ्या रबरी नळीच्या क्लिपखाली काळा ओलसर थर होता, बोटाएवढा जाड. ठिबकत नव्हतं. जमिनीवर कधी डाग पडला नव्हता, म्हणून मला कळलंच नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं पाझरत राहिलं असणार. सकाळी रिव्हर्स उशिरा पडतो त्याचं उत्तर तिथं होतं. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली उतरतं, आधीच कमी असलेलं तेल सकाळी पंपाला पुरेसं मिळत नाही आणि दाब तयार व्हायला वेळ लागतो.

फ्लश मशिनबद्दल विचारलं तर मामांनी मान हलवली. “आधी चेंबर खोलून बघू. आत काय हाय ते दिसल्याबिगर मशिन लावायचं न्हाई.” माझंही मत तेच झालं होतं. गाडीचा इतिहास माहीत नाही, आत काय साठलंय माहीत नाही, अशा वेळी तेल जोरानं फिरवण्यापेक्षा चेंबर उघडून, साफ करून, थोडं थोडं तेल बदललेलं बरं. या गिअरबॉक्समध्ये एकूण साडेदहा लिटरच्या आसपास तेल मावतं. खालचा बोल्ट काढला की त्यातलं तीन लिटरच्या आसपास बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टर, कूलर आणि आतल्या वाटांमध्ये राहतं. म्हणून आम्ही ठरवलं, तीन खेपांत करायचं. पहिल्या खेपेला चेंबर आणि आतली तेल गाळायची जाळी, मग काही दिवस गाडी चालवून नुसतं तेल सोडायचं-भरायचं आणि आणखी काही दिवसांनी तिसऱ्यांदा.

सामान आणायला मात्र दोन आठवडे गेले. याचं कारण सांगितलं पाहिजे, कारण अशी गाडी असलेल्या कुणालाही तेच भोगावं लागेल. फॉर्च्युनर आपल्याकडं २००९ ला आली ती फक्त मॅन्युअलमध्ये. २०१२ ला मागच्या दोन चाकांवर चालणारी आली, तिला चार गिअरचा ऑटोमॅटिक होता. फोर-बाय-फोर आणि पाच गिअरचा ऑटोमॅटिक हे एकत्र आलं २०१५ ला, आणि २०१६ च्या शेवटी नवीन मॉडेल सहा गिअरचा बॉक्स घेऊन आलं. म्हणजे माझी गाडी जेमतेम दोन वर्षांच्या खेपेतली. दुकानदाराला “जुनी फॉर्च्युनर ऑटोमॅटिक” एवढंच सांगितलं तर तो चार गिअरच्या बॉक्सची जाळी काढून देतो. मला तशीच दिली. पॅकिंगही, म्हणजे चेंबरच्या कडेला बसणारी गळती थांबवायची पट्टीही, त्याचीच. खोक्यावर नाव बरोबर, आतला माल भलताच. मी पॅकिंग गाडीखाली धरून बघितलं तर भोकांचा मेळ बसेना, आकारच वेगळा. परत केली. दुसऱ्या वेळी चॅसिस नंबर लिहून दिला आणि त्यावरून नंबर काढून मागवायला लावली, तेव्हा बरोबर आली. तेलाला तडजोड नको म्हणून टोयोटाचं डब्ल्यूएस हेच तेल घेतलं, लिटरचे दहा डबे. हे तेल पातळ असतं, बाजारातलं कुठलंही लाल तेल त्याच्या जागी चालत नाही. भरायच्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘डब्ल्यूएस’ अशी अक्षरं उमटवलेली आहेत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आठला काम सुरू झालं. मी बारावीतल्या पोराला सोबत नेलं होतं, हिशोब लिहायला. आदल्या रात्रीच गाडी पिटवर उभी करून ठेवली होती, पूर्ण गार. मामांनी गवंडी वापरतात ती पाणसळ आणली आणि चॅसिसच्या पट्टीवर आडवी-उभी धरून बघितली. मागचं एक चाक थोडं खाली होतं, त्याखाली फळी सरकवली. गाडी जरा जरी कलली तरी तेलाची पातळी चुकते, म्हणून हा खटाटोप.

खालची संरक्षक पत्र्याची प्लेट काढली. मग मामांनी सगळ्यात आधी काय केलं असेल तर बाजूचा भरायचा बोल्ट सैल केला, चोवीसच्या पान्यानं. “आधी भरायचा बोल्ट सुटतोय का बघायचा, मग सोडायचा बोल्ट काढायचा,” ते पोराला सांगत होते. “उलटं केलंसा आन् वरचा सुटलाच न्हाई तर गाडी हितंच बसली, रिकामी.” दहा वर्षांची माती आणि गंज होता. ब्रश मारला, गंज सोडवायचं तेल फवारलं, वीस मिनिटं थांबलो आणि लांब दांडी लावली तेव्हा ‘कट्’ करून सुटला. तो आवाज ऐकून मला केवढं हलकं वाटलं.

मग खालचा बोल्ट. तेल स्वच्छ धुतलेल्या मोजमापाच्या कॅनमध्ये धरलं. नवीन तेल असतं गुलाबासारखं लाल. हे आलं ते काळपट तपकिरी, दूध न घातलेल्या उकळलेल्या चहासारखं. वास घेतला. जळका वास नव्हता. मामांनी माझ्या वहीचं कोरं पान फाडून त्यावर एक थेंब टाकला आणि उन्हात ठेवला. थोड्या वेळानं थेंब पसरला. मधे तांबूस-तपकिरी, कडेला फिकट वर्तुळ, मधोमध काळी कचकच नाही. “क्लच खाल्ल्यालं न्हाई,” ते म्हणाले. पोरानं आकडा लिहिला, १.९ लिटर. तीनच्या आसपास यायला हवं होतं.

आता चेंबर. दहाच्या पान्याचे वीस बोल्ट. एकेक सोडत, शेवटचे दोन ठेवून, एका बाजूनं हळूच खाली घ्यायचा, नाहीतर आत उरलेलं तेल अंगावर. पण चेंबर सुटेचना. मामा कडेला बॅटरी मारून बघत होते, एकदम गप्प झाले. मग मला बोलावलं. चेंबर आणि गिअरबॉक्सच्या फटीतून नारिंगी रंगाचा सिलिकॉन बाहेर आलेला दिसत होता. कंपनी तिथं पॅकिंग लावते, सिलिकॉन नाही. म्हणजे हा ‘सीलबंद’ गिअरबॉक्स आधी कुणीतरी उघडलेला होता. त्याचं बिल फाइलीत नव्हतं.

पातळ पाती सरकवत, कुठंही ओरखडा न पडू देता, चेंबर सोडवायला पाऊण तास गेला. खाली आला तेव्हा त्यात आणखी अर्धा-पाऊण लिटर तेल होतं. पोरानं एकूण बेरीज लिहिली, अडीच लिटर.

मी ते चेंबर उजेडात घेऊन बसलो. आत चार लोहचुंबक होते. प्रत्येकावर मऊ राखाडी लेप, गंधासारखा. बोटावर घेऊन चोळला तर कण लागत नव्हते. दीड लाखाच्या घरात चाललेल्या बॉक्सला एवढी झीज व्हायचीच. चमकणारे पापुद्रे किंवा सुईसारखे तुकडे दिसले असते तर मी तिथंच काम थांबवून गाडी विकायचा विचार केला असता. तसं काही नव्हतं.

पण जाळी काढली आणि पोटात गोळा आला. तेल ओढायच्या तोंडाशी, बारीक जाळीवर, सिलिकॉनचे तुकडे अडकले होते. एक तर चांगला बोटभर लांब, शेवईसारखा, तेलानं काळा पडलेला. कुणीतरी पॅकिंग न मिळाल्यामुळं भरपूर सिलिकॉन लावून चेंबर आवळला होता, जास्तीचा आतल्या बाजूला दाबला गेला आणि सुटून जाळीत जाऊन बसला. तेल आधीच कमी, त्यात ओढायची वाट अर्धी बंद. मला राग आला. पाचशे-हजार रुपयांच्या पॅकिंगसाठी कुणी थांबलं नाही, आणि त्या गाडीत कुणाची तरी बायकापोरं बसणार होती. हे काम ज्यानं केलं त्याला आतलं दिसत होतं. मालकाला ते कधी दिसलं नसतं.

मशिननं फ्लश केलं असतं तर ही जाळी तशीच राहिली असती, उलट आणखी तुकडे सुटून तिच्यावर येऊन बसले असते. मामांचा हात धरून मी एवढंच म्हटलं, बरं झालं उघडलं.

पुढचे दोन तास नुसती सफाई. गिअरबॉक्सच्या कडेचा सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचा, ॲल्युमिनियमला लोखंड लावायचं नाही. वर एक चिंध्याची गुंडाळी धरून ठेवायची, म्हणजे तुकडा आत पडत नाही. आणि चिंधी सुती, धागे न सुटणारी. कॉटन वेस्ट इथं चालत नाही, त्याचा एक धागा आत गेला तरी तो व्हॉल्व्हच्या बारीक वाटेत अडकू शकतो. चेंबरची कड बोल्टांच्या भोकांपाशी आत दबली होती, जास्त आवळल्याची खूण. मामांनी जाड लोखंडी पाटावर चेंबर उलटा ठेवून लहान हातोडीनं प्रत्येक भोक हलके ठोकून सरळ केलं, मग काचेवर ठेवून फट राहते का बघितलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा बघितलं. वीस भोकं.

नवी जाळी बसवली, तिच्या तोंडाची नवी रबरी रिंग तेलाचं बोट लावून. चुंबक धुऊन जागच्या जागी. नवं पॅकिंग कोरडं ठेवलं, वर काहीही लावलं नाही. बोल्ट आधी सगळे हातानं, मग समोरासमोरचे आळीपाळीनं. या बोल्टांचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, फक्त साडेचार न्यूटन-मीटरच्या आसपास आहे, म्हणजे मनगटाचा जोरसुद्धा जास्त होतो. मी त्यासाठी लहान मापाचा टॉर्क रेंच मुद्दाम विकत घेतला होता. मामांना आयुष्यभर हाताच्या अंदाजाची सवय, पण त्यांनी तो घेतला, दोन बोल्ट आवळून बघितले आणि म्हणाले, “हे बरं हाय. पोरांच्या हातात दिलं तर चेंबर वाकायचा न्हाई.” कूलरच्या नळीचा खराब भाग कापून नवी नळी आणि नवी क्लिप टाकली.

तेल भरायला हातपंप वापरला, पिटमधून बाजूच्या भोकात नळी घालून. अडीच लिटर निघालं होतं, तेवढं आधी भरलं. मग पातळीचा बोल्ट काढून त्यातून तेल डोकवेपर्यंत आणखी भरलं आणि बोल्ट लावून टाकला. या पातळीच्या बोल्टच्या भोकाला आतल्या बाजूनं एक उभी नळी असते. तेल त्या नळीच्या काठाच्या वर असेल तर भोकातून ओघळतं, खाली असेल तर येत नाही. योजना सोपी आहे, पण तेल तापलं की फुगतं. म्हणून कंपनीनं ठरवून दिलंय, इंजिन चालू, एसी बंद आणि तेलाचं तापमान ४६ ते ५६ अंश सेल्सिअस असतानाच हा बोल्ट काढून बघायचा. त्याहून गार असताना बघितलं तर तेल जास्त भरलं जातं, गरम असताना बघितलं तर कमी.

इंजिन चालू केलं. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागेवर तीन-चार सेकंद थांबवत खाली नेला, वर आणला, म्हणजे आतल्या सगळ्या वाटा भरतात. मामांच्या स्कॅनरवर तापमान दिसत होतं. शिवाय कंपनीची एक पद्धत आहे, स्टिअरिंगखालच्या, स्कॅनर लावायच्या सॉकेटमधली चौथी आणि तेरावी पिन वायरनं जोडायची, लिव्हर ‘एन’ आणि ‘डी’मध्ये सहा सेकंद पुढं-मागं करायचा, की डॅशबोर्डवरचा ‘डी’चा दिवा थर्मामीटर होतो. तेल गार असेल तर दिवा बंद, बरोबर असेल तर लागलेला, जास्त तापलं तर लुकलुकतो. पिना मोजताना चूक झाली तर महागात पडेल, म्हणून आम्ही दोघांनी दोनदा मोजल्या.

पहिला प्रयत्न फसला. तापमान ४० च्या आसपास असताना मला वाटलं अजून वेळ आहे, म्हणून मी चहावाल्याला पैसे द्यायला बाहेर गेलो. पोरगं आतून ओरडलं, “बाबा, दिवा लुकलुकतोय!” स्कॅनरवर ५८. तेलानं आमच्यासाठी वाट बघितली नाही. इंजिन बंद केलं, बॉनेट उघडं टाकलं आणि दीड-दोन तास थांबलो. मामांनी घाई केली नाही, मीही केली नाही. तिथंच डबा उघडून भाकरी आणि झुणका खाल्ला.

दुसऱ्या वेळी मी खाली, मामा माझ्याशेजारी, पोरगं सीटवर दर अंशाला आकडा ओरडतंय. ४६ ला दिवा लागला. मामांनी पाचच्या ॲलन कीनं बोल्ट काढला. तेल आलंच नाही. म्हणजे अजूनही कमी. पंपानं पाव लिटर घातलं, पुन्हा पाव लिटर. ५० अंशाला भोकातून तेल सुटलं, आधी धार, मग धारेचा दोरा, मग दोऱ्याचे थेंब. लालबुंद नव्हतं, जुनं-नवं मिसळून विटेच्या रंगाचं. थेंब एकामागून एक पडायला लागल्यावर मामांनी बोल्ट लावला, २० न्यूटन-मीटरला. पोरानं हिशोब वाचून दाखवला. निघालं अडीच लिटर, सांडलेलं वजा जाता आत गेलं ३.७. गाडी सव्वा लिटर तेल कमी घेऊन घाट चढत-उतरत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी लवकर उठलो. लिव्हर ‘आर’वर आणला. गाडी लगेच मागं सरकली, आवाज नाही, धक्का नाही. बायको खिडकीतून बघत होती, तिनं नुसती मान हलवली.

थरथर मात्र पहिल्या खेपेत गेली नाही, कमी झाली. ते अपेक्षितच होतं, कारण जुनं तेल अजून पासष्ट टक्के आतच होतं. पाचशे किलोमीटरनंतर दुसऱ्यांदा सोडलं, या वेळी बरोबर २.९ लिटर निघालं आणि तेवढंच भरलं. चेंबर उघडायचं नसल्यामुळं तासाभराचं काम, त्यातला निम्मा वेळ तापमानाची वाट बघण्यात. त्यानंतर आणखी हजार किलोमीटरनी तिसरी खेप. आता आत दोन तृतीयांश तेल नवं आहे. दुसऱ्या खेपेनंतर आठवड्याभरात थरथर थांबली आणि अजून परत आलेली नाही. सगळा खर्च, टॉर्क रेंच धरून, वीस हजारांच्या आत बसला.

त्याच वेळी ट्रान्सफर केसचं (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शिअलचं (ती डाव्या-उजव्या चाकाला देणारा गिअरचा गोळा) तेलही बदलून घेतलं. ती कामं सोपी आहेत, तापमानाची भानगड नाही. भोकाच्या काठापर्यंत भरायचं आणि बोल्ट लावायचा. पुढच्या डिफरन्शिअलचं तेल अगदी स्वच्छ निघालं.

मामांनी तिन्ही वेळचं तेल काचेच्या तीन बाटल्यांत भरून त्यांच्या फळीवर ठेवलंय, माझी जाळी आणि तो शेवईसारखा तुकडाही शेजारी. कुणी येऊन म्हणालं, ऑटोमॅटिकचं तेल लाइफटाइम असतं, तर ते काही बोलत नाहीत, फळीकडं बोट दाखवतात.

चेंबरवर मी पांढऱ्या मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहिलेत. पुढचं तेल चाळीस हजार किलोमीटरनी, घाटाची गाडी आहे म्हणून. आणि दर महिन्याला, बागेतून परत आल्यावर, गाडी गार झाली की खाली वाकून कूलरच्या नळीचा जॉइंट बोटानं चाचपतो. काल बघितला, कोरडा होता.